शांत समुद्राची थरथर

शांत माणूस म्हणजे न हलणारा माणूस, असे मी बरीच वर्षे मानत होते. नुसते मानत नव्हते, शिकवतही होते. महाविद्यालयात संस्कृत शिकवताना शांतरसाचा भाग आला की माझा आवाज आपोआप खाली येई. परंपरेत आधी आठच रस, नववा शांत मागाहून आला. अभिनवगुप्ताने त्याची बाजू केवढ्या ताकदीने मांडली. ज्ञानेश्वरांनी त्याला केवढा मान दिला, हे सगळे सांगून झाले की मी मुलांना म्हणे, इतर आठ रस म्हणजे पाण्यावरचे तरंग आणि शांत म्हणजे तरंग नसलेले पाणी. मुले ते वाक्य वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहीत.

आज ते वाक्य मला मान्य नाही. माझे मत बदलले ते एका लॅटिन विशेषणामुळे, आणि नेमके सांगायचे तर त्या विशेषणाच्या षष्ठीच्या एकवचनी रूपामुळे. व्याकरणाच्या एका रूपाने माणसाचे मन बदलते यावर कदाचित कोणाचा विश्वास बसणार नाही. म्हणून ते कसे घडले ते सविस्तर लिहिते आहे.

लॅटिनकडे मी निवृत्तीनंतर वळले. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळाच्या भाषा असाव्यात असे प्रतिपादन केले, हे आम्ही संस्कृतचे शिक्षक भाषाशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगतो. पण त्यातली लॅटिन स्वतः उघडून पाहणारे थोडे. मीही पाहिली नव्हती. मनात एक अढीही होती, की ती युरोपियांची भाषा, इंग्रजीच्या वाटेनेच तिच्याकडे जायचे आणि इंग्रजीच्याच चष्म्यातून ती दिसायची. ती अढी विशेषणांच्या पहिल्या धड्यातच गळून पडली.

पाठ्यपुस्तक इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेले होते. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे, वचनाप्रमाणे आणि विभक्तीप्रमाणे बदलते, एवढी गोष्ट समजावायला त्यात पानेच्या पाने खर्ची घातली होती. ज्यांच्या भाषेत चांगला मुलगा, चांगली मुलगी आणि चांगले मूल या तिघांना एकच अपरिवर्तनीय शब्द लागतो, त्यांना हे समजावावे लागणारच. मराठी माणसाला काय समजावायचे? आपल्याकडे लॅटिनसारखीच तीन लिंगे आहेत. चांगला, चांगली, चांगले हे आपण शाळेत जाण्याच्या आधीच शिकतो, आणि ‘चांगल्या मुलाला’ म्हणताना विशेषणही नामाबरोबर वाकते हे आपल्या जिभेला ठाऊक असते. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ असे आपण म्हणतो, तेव्हा क्रियेबद्दल बोलतानाही कर्त्याचे लिंग सोडत नाही. लॅटिनलाही हीच खोड आहे. एखाद्याने शांतपणे विष घेतले असे सांगायचे असेल तर ती भाषा बहुधा क्रियाविशेषण वापरणार नाही. ‘शांत असा तो विष प्याला’ असे म्हणेल आणि विशेषण कर्त्याला जोडून टाकेल. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जिथे अडखळायला होते तिथे मराठी मुलगी सहज पाऊल टाकते. लॅटिन शिकवायची असेल तर ती थेट मराठीतून शिकवावी, असे मला आता ठामपणे वाटते.

ते विशेषण म्हणजे त्रांक्विल्लुस. पुल्लिंगी त्रांक्विल्लुस, स्त्रीलिंगी त्रांक्विल्ला, नपुंसकलिंगी त्रांक्विल्लुम. आनिमुस म्हणजे मन हे पुल्लिंगी, म्हणून आनिमुस त्रांक्विल्लुस. वीता म्हणजे आयुष्य स्त्रीलिंगी, म्हणून वीता त्रांक्विल्ला. मारे म्हणजे समुद्र नपुंसकलिंगी, म्हणून मारे त्रांक्विल्लुम. आता नाउता घ्या. नाउता म्हणजे खलाशी. शब्द ‘आ’कारान्त, बहुतेक स्त्रीलिंगी नामांसारखा दिसणारा, तरी खलाशी पुरुष, म्हणून नाउता त्रांक्विल्लुस. ‘चांगला माळी’ म्हणताना आपण माळीच्या ‘ई’ला फसत नाही, तसेच हे. विशेषण नामाच्या लिंगाशी जुळते, त्याच्या शेवटच्या अक्षराशी नव्हे. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो फार मोलाचा ठरणार आहे.

या विशेषणाला तरभाव आहे, तमभावही आहे: त्रांक्विल्लिओर म्हणजे अधिक शांत, त्रांक्विल्लिस्सिमुस म्हणजे अत्यंत शांत. भाववाचक नाम त्रांक्विल्लितास. ‘शांत करणे’ या अर्थाचे क्रियापदही याच शब्दापासून होते. नपुंसकलिंगी रूप एकटेच वापरले तर त्याचा अर्थ होतो शांत हवा, शांत समुद्र. हा शेवटचा वापर मला कळला तेव्हा मी थांबले. नाम गाळले तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मन येत नाही, समुद्र येतो.

रोमन माणसाच्या कानाला या शब्दात आधी पाणीच ऐकू येत असणार. प्रत्येक शब्दाचे आपापले ठिकाण होते. आकाश निरभ्र असले की सेरेनुस. कोणी रागावलेला निवला, प्रसन्न झाला, की प्लाकिदुस, कारण त्या शब्दाचे नाते आवडण्याशी आणि मनधरणीशी आहे. क्विएतुस आणि सेदातुस ही धातुसाधिते, एक विसावलेला आणि दुसरा खाली बसवलेला, बसता केलेला. मॅगेलनने १५२० साली ज्या महासागरात प्रवेश केला आणि ज्याला आपण प्रशांत म्हणतो, त्याच्या युरोपीय नावामागचे विशेषण आहे पाकिफिकुस, म्हणजे शांतता घडवून आणणारा. त्यात तह आणि सलोखा आहे. त्रांक्विल्लुस मात्र वारा पडलेल्या समुद्राचा शब्द. भूमध्य समुद्रावर हिवाळ्यात गलबते हाकारत नसत. ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद, असे रोमन लेखक वेगेतिउसने लिहून ठेवले आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, त्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. समुद्राची शांतता हा त्याचा स्वभाव नसतो. ती एक वेळ असते.

इथे चंद्राचा विषय निघतोच. रिच्चोली या जेझुइट खगोलज्ञाने १६५१ साली चंद्रावरच्या काळसर मैदानांना समुद्र मानून नावे दिली, आणि हवामानावरून दिली: पावसाचा समुद्र, ढगांचा समुद्र, निरभ्रतेचा समुद्र, शांततेचा समुद्र. या शेवटच्या समुद्रात २० जुलै १९६९ रोजी माणूस उतरला. त्याचे लॅटिन नाव ‘मारे त्रांक्विल्लितातिस’ आहे, विशेषण लावून केलेले ‘मारे त्रांक्विल्लुम’ नाही. भाववाचक नामाची षष्ठी: शांततेचा समुद्र. मला हे अगदी योग्य वाटते. जिथे पाण्याचा थेंब नाही, वारा नाही, तिथे शांतता कायमची मालकी होऊ शकते. पृथ्वीवरच्या समुद्राला विशेषणच शोभते, कारण विशेषण आज लावता येते आणि उद्या काढता येते.

पण मी घाईने पुढे जाते आहे. माझे जुने मत इतक्या सहज सुटले नव्हते, कारण त्याला रोमन लेखक किकेरोचा आधार होता. इंग्रजी वळणाने आपण त्याला सिसेरो म्हणतो. ‘तुस्कुलानातील संवादां’च्या पाचव्या भागात तो सांगतो, की झुळूकही लाट हलवत नसेल तेव्हा समुद्र शांत म्हणायचा, आणि तसेच, मनाला हलवू शकेल असा एकही क्षोभ नसेल तेव्हा मन स्थिर म्हणायचे. माझ्या वर्गातले तरंग नसलेले पाणी जवळजवळ हेच होते. मला आनंद झाला, दोन हजार वर्षांपूर्वीचा साक्षीदार मिळाला असे वाटले.

मग हे पुस्तक कधी लिहिले गेले ते पाहिले. इ.स.पू. ४५. त्याच वर्षी फेब्रुवारीत किकेरोची मुलगी तुल्लिया बाळंतपणानंतर वारली. तो आस्तुरा येथील आपल्या समुद्रकाठच्या घरी एकांतात गेला. तिथून मित्र अत्तिकुसला रोज लिहिलेली त्याची पत्रे आज उपलब्ध आहेत. दिवस रानात घालवतो, वाचतो, लिहितो, मधूनच रडू कोसळते, ते आवरायला पाहतो आणि आवरत नाही, असे त्यांत आहे. स्वतःचे सांत्वन करण्यासाठी त्याने एक ग्रंथ लिहिला, तो आता हरवला आहे. नंतर त्याच वर्षी हे संवाद. लाट न हलणाऱ्या समुद्राचे ते वर्णन ज्याने लिहिले, त्याच्या अंगावर त्या काळात लाटेमागून लाट येत होती. त्याला काय हवे होते ते त्याने लिहिले. आपल्याला काय लाभले आहे ते लिहिलेले नाही. हा फरक कळल्यावर माझी पहिली वीट हलली.

दुसरी हलली ती रोमन तत्त्वज्ञ सेनेकामुळे. ‘मनाच्या शांततेविषयी’ हा त्याचा निबंध आन्नाएउस सेरेनुस या त्याच्या धाकट्या मित्राला उद्देशून आहे. नेरोच्या काळात रोममध्ये रात्री गस्त घालणाऱ्या आणि आगी विझवणाऱ्या दलाचा सेरेनुस प्रमुख होता. नावाचा अर्थ निरभ्र, आणि संबोधनात तो होतो ‘सेरेने’. निबंधाच्या सुरुवातीला हा निरभ्र नावाचा माणूसच आपले दुखणे सांगतो. साधे घर, साधे जेवण त्याला आवडते, पण कोणाकडचा थाटमाट पाहून आला की आपले घर पूर्वीसारखे वाटत नाही. सार्वजनिक कामात पडावेसे वाटते, थोडा अपमान झाला की पुस्तकांत परतावेसे वाटते. मोठे संकट काहीच नाही. मला वादळाचा नव्हे, बोट लागण्याचा त्रास आहे, असे तो म्हणतो.

सेनेका त्याला काय उत्तर देतो? मित्रा, स्थिर हो, असे म्हणत नाही. तो म्हणतो, दीर्घ आजारातून उठलेली माणसे असतात, त्यांना अधूनमधून किंचित कणकण वाटते आणि ती घाबरून वैद्यापुढे हात धरतात. त्यांचे शरीर आजारी नसते, फक्त निरोगीपणाची त्याला अजून सवय झालेली नसते. आणि मग तो समुद्राचे उदाहरण देतो: वादळानंतर विसावलेला समुद्र शांत झाला तरी त्याच्यात एक थरथर असतेच.

‘शांत समुद्राची’ यासाठी तिथे दोन शब्द आहेत: त्रांक्विल्ली मारिस. मारे या नामाची षष्ठी मारिस, विशेषणाची षष्ठी त्रांक्विल्ली. एकाचा शेवट ‘इस’, दुसऱ्याचा ‘ई’. कानाला दोन्ही जुळत नाहीत, तरी लिंग, वचन, विभक्ती तिन्ही एकच. नाउता त्रांक्विल्लुसचा नियम येथेही तोच. मी पेन्सिलीने दोन्ही शब्दांखाली रेघ ओढली आणि मग ध्यानात आले की समुद्र थरथरतो आहे आणि सेनेका त्याला शांतच म्हणतो आहे. ‘जवळजवळ शांत’ म्हणत नाही. तरभाव हाताशी होता, ‘पूर्वीपेक्षा शांत’ म्हणता आले असते, तेही म्हणत नाही. थरथर आणि शांत, दोन्ही एकाच पाण्याला एकाच वेळी लागू.

माझा थोरला भाऊ अचानक गेला तेव्हाच्या दोन बायका मला आठवतात. वहिनी रडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना बसायला देणे, चहा विचारणे, कागदपत्रे काढून ठेवणे, सगळे त्या करत होत्या. जो तो म्हणे, किती शांत आहेत. मीही म्हटले. आई मात्र महिनोन्‌महिने रडत होती. घरचे रहाटगाडगे पुन्हा सुरू झाले होते, ती स्वयंपाक करत होती, नातवंडांना जेवू घालत होती, पण त्याच्या ऑफिसला निघण्याच्या वेळी कुकरची शिटी झाली की तिचे डोळे भरून येत. मी तिला म्हणे, “आई, आता शांत हो ना.” मी सांगितले म्हणून ती डोळे पुसे.

सेनेकाचे ते वाक्य वाचल्यापासून मी त्या दोघींचा वेगळा विचार करते. आई तेव्हाच शांत झाली होती. ती थरथर वादळ ओसरलेल्या पाण्याची होती आणि मी ती थांबवायला सांगत होते. वहिनींच्या मनात त्या दिवसांत काय चालले होते, ते आम्ही कोणी विचारलेच नाही. ‘शांत’ असे म्हटले की विचारायचे काही उरत नाही.

आणि हे समजायला लॅटिनपर्यंत जावे तरी का लागले? शान्त हे शम् धातूचे क्त-प्रत्ययान्त रूप, हे मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल. शमलेला. म्हणजे आधी काहीतरी उसळलेले होते, तरच ते शमणार. आपल्या घराघरांतले शब्दही तेच सांगतात: वास्तुशांत, उदकशांत, साठीशांत. शांत ही करायची गोष्ट आहे. त्यासाठी मांडामांड लागते, माणसे जमवावी लागतात. व्युत्पत्ती मला पाठ होती, पण सवयीमुळे ती कानावरून जात होती. परक्या भाषेत एकेक प्रत्यय बोटाने मोजत वाचावे लागले, तेव्हा कुठे आपल्या शब्दाचा प्रत्यय ऐकू आला.

माझ्या जुन्या मताच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती त्याच निबंधात आहे आणि मला अजूनही ती विलक्षण वाटते. कानुस यूलिउस नावाच्या माणसाला कालिगुलाने मृत्युदंड दिला. मधल्या १० दिवसांत तो जराही अस्वस्थ झाला नाही. शिपाई न्यायला आला तेव्हा तो पटावर खेळत होता. त्याने सोंगट्या मोजल्या, जोडीदाराला म्हणाला, मी मेल्यावर तू जिंकलास असे खोटे सांगू नकोस, आणि शिपायाला म्हणाला, मी एका सोंगटीने पुढे आहे याला तू साक्षी. वाटेत मित्रांना सांगितले, की प्राण जाताना तो जातो आहे हे जाणवते का, ते मी पाहणार आहे. वादळाच्या मधोमध शांतता, असे सेनेका त्याच्याबद्दल म्हणतो.

पूर्वी मी निबंधाचे भाषांतर वाचले होते तेव्हा मला एवढेच आठवत राहिले होते. आजही कानुसला मी खोटा ठरवत नाही. अशी माणसे होतात. पण सेनेका त्याला चौदाव्या प्रकरणात आणतो, नवल म्हणून आणतो. दुसऱ्या प्रकरणात सेरेनुसला त्याने थरथरणारा समुद्र दाखवलेला असतो. शेवटच्या प्रकरणात तर तो सांगतो, की मनाला विश्रांती द्या, मोकळ्या हवेत फिरा, सोक्रातेस लहान मुलांबरोबर खेळत असे, कातो प्रसंगी मद्य घेऊन मन सैल करत असे, स्किपिओ नाचत असे. न हलणारी माणसे घडवण्याचा हा पाठ नाही.

सेरेनुसचे पुढे काय झाले ते प्लिनीने नोंदवले आहे. एका मेजवानीत विषारी आळंबी खाल्ल्यामुळे तो मेला, त्याच्याबरोबर इतरही अधिकारी मेले. वयाने तो सेनेकापेक्षा लहान होता. आणि सेनेका काय करतो? लुकिलिउसला लिहिलेल्या १२४ पत्रांपैकी ६३वे पत्र मित्र गमावलेल्या माणसाच्या सांत्वनाचे आहे. डोळे कोरडेही नसावेत आणि वाहतेही नसावेत, असा बेताचा उपदेश त्यात आहे. मग मध्येच तो कबूल करतो, की हे लिहिणारा मी स्वतः सेरेनुससाठी इतका बेसुमार रडलो, की शोकाने ज्यांना हरवले त्यांच्यात माझे नाव घालावे लागेल. कारणही सांगतो: तो माझ्याआधी जाईल, हा विचारच मी कधी केला नव्हता. शांततेवरचा निबंध ज्याला लिहिला, त्याच्याचसाठी लेखक रडला आणि ते लपवले नाही. पुढे इ.स. ६५ मध्ये नेरोच्या आज्ञेने सेनेकाला आत्महत्या करावी लागली तेव्हाचे त्याचे धैर्य सर्वांना माहीत आहे. मला त्या धैर्याइतकेच हे रडणे त्याचे वाटते.

शांतरस मी आता शिकवत नाही. शिकवत असते तर तरंग नसलेले पाणी हे वाक्य गाळले असते आणि त्या तासाला शम् धातूवर अधिक वेळ दिला असता. ज्यांनी ते माझ्याकडून उतरवून घेतले त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने ते खोडावे. आणि अलीकडे सेनेकाची भाषांतरे पुष्कळ वाचली जातात, विशेषतः तरुणांत, म्हणून त्यांना एक विनंती: शांततेवरचा निबंध जरूर वाचा, पण त्याच्याआधी ६३वे पत्र वाचा.